फाइल अपलोड होत नाही? आधी ती कुठे गळाली ते शोधा

फॉर्म सबमिट झाला, एरर दिसली नाही, तरी सर्व्हरवर फाइल नाही. अशा वेळी लगेच कोड उसवत बसू नका. फाइल ब्राउझरमधून निघते, वेब सर्व्हर ओलांडते, पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) हाती येते आणि मग डिस्कवर जाते. ती यातल्या कोणत्या टप्प्यावर अडली, हे आधी ठरवा.

डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट उघडा. कंटेंट-टाइप 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' हवा आणि त्यापुढे बाउंड्री, म्हणजे रिक्वेस्टचे भाग वेगळे करणारी खूण, हवी. फॉर्म टॅगमध्ये एनक्टाइप (हाच कंटेंट-टाइप ठरवणारा ॲट्रिब्यूट) लिहायचं राहिलं, तर फाइलचं फक्त नाव जातं, मजकूर जात नाही. इनपुटला नेम नसेल तर नावही जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये फेचसोबत फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप स्वतः लिहू नका. बाउंड्री ब्राउझर बनवतो. तुम्ही हेडर लिहिलात की ती त्यात येत नाही आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत.

उत्तरात ४१३ हा स्टेटस कोड (रिक्वेस्ट फार मोठी) दिसला, तर बहुधा रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत पोचलेलीच नाही. एनजिनेक्स या वेब सर्व्हरमध्ये 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' ही मर्यादा मुळात १ एमबी असते, ती वाढवा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार पुढचा. छोटी फाइल जाते. मोठी पाठवली की पीएचपीचा फाइल्स ॲरे (आलेल्या फाइल्स) रिकामा, आणि पोस्ट ॲरेसुद्धा (फॉर्मची बाकीची फील्ड्स)! नाव, ईमेल, टोकन सगळं गायब, त्यामुळे संशय भलत्याच व्हॅलिडेशनवर जातो. खरं कारण पूर्ण रिक्वेस्टची मर्यादा 'पोस्ट_मॅक्स_साइझ' (मूळ किंमत ८ एमबी) ओलांडली जाणं. याउलट एका फाइलची मर्यादा 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' (मूळ किंमत २ एमबी) ओलांडली, तर बाकीची फील्ड्स शाबूत येतात आणि फाइलच्या एरर कोडमध्ये १ दिसतो. पहिली मर्यादा दुसरीपेक्षा मोठीच ठेवा. रिक्वेस्ट पोस्ट आहे, दोन्ही ॲरे रिकामे आहेत आणि कंटेंट-लेंग्थ शून्याहून जास्त आहे, अशी तपासणी कोडमध्ये घाला; वापरणाऱ्याला 'फाइल फार मोठी आहे' एवढं तरी कळायला हवं.

सेटिंग बदलूनही फरक पडला नाही, तर एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा आणि किंमत ब्राउझरमधून पीएचपीइन्फोने (सगळ्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या फंक्शनने) बघा. कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल बऱ्याचदा वेगळी असते.

एरर कोड न बघता पुढे जाऊच नका. ३ म्हणजे फाइल अर्धवट आली, ४ म्हणजे निवडलीच नाही, ६ म्हणजे टेम्प फोल्डर नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही.

कोड ० असूनही फाइल सापडत नसेल, तर टेम्प फाइल कायमच्या जागी हलवणाऱ्या 'मूव्ह_अपलोडेड_फाइल' या फंक्शनने काय परत केलं ते तपासा. टेम्प फाइल रिक्वेस्ट संपताच पुसली जाते, म्हणून ती त्याआधीच हलवायला हवी. फॉल्स आलं तर बहुधा फोल्डर नसतो किंवा परवानगी नसते. त्यासाठी ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका. पीएचपी ज्या युजरने चालतं, त्याच्या मालकीचा फोल्डर करा आणि पूर्ण पाथ लिहा.