एकल पालकांनी रोजगार समुपदेशकाची मदत कशी घ्यावी

एकट्याने मूल वाढवणाऱ्या व्यक्तीने नोकरी शोधताना आपल्याकडे प्रत्यक्षात किती तास मोकळे आहेत हे आधी पाहावे; म्हणून समुपदेशकाला भेटण्यापूर्वी मुलाची शाळा किंवा पाळणाघर, सुट्ट्या आणि प्रवासाचा वेळ धरून आठवड्याचे वेळापत्रक कागदावर मांडावे.

पहिल्या भेटीत केवळ रिक्त जागांची यादी मागू नये. हातात येणाऱ्या पगारातून पाळणाघराचे शुल्क, प्रवासखर्च आणि नोकरी लागल्यावर बंद होऊ शकणारे शासकीय अर्थसाहाय्य वजा करून खरोखर किती रक्कम उरते, याचा हिशेब समुपदेशकासोबत बसून करावा. माझ्या मते भेटीतील हेच सर्वांत मोलाचे काम आहे, कारण पगाराचा आकडा मोठा दिसला तरी शिल्लक फारच थोडी असू शकते. मूल आजारी पडल्यास त्याला कोण सांभाळेल, अशी दोन नावेही तेव्हाच ठरवावीत.

बायोडेटातील खंड लपवू नये. त्या काळात मुलाचे संगोपन केले, असे एका ओळीत लिहावे.

मुलाखतीत लवचीक वेळांविषयी मोघम विचारण्यापेक्षा नेमक्या तासांचा प्रस्ताव द्यावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ मधील १५६ क्रमांकाच्या करारानुसार कौटुंबिक जबाबदारी हे नोकरीवरून काढण्याचे वैध कारण ठरत नाही. आपल्या देशाने तो स्वीकारला आहे का आणि स्थानिक कायदा काय सांगतो, हे समुपदेशकाकडून समजून घ्यावे.

रुजू झाल्यावरही समुपदेशकाशी संपर्क ठेवावा आणि सुरुवातीच्या महिन्यांतील भेटी आधीच ठरवाव्यात, म्हणजे वेळापत्रक कोलमडू लागताच, राजीनाम्याचा विचार येण्यापूर्वी, तोडगा शोधता येतो.