किवी अ‍ॅपमधलं बंद करायचं बटण मोबाईलवर कसं लपवायचं

दादरच्या फुलबाजारात आमच्या मामांचं दुकान आहे, त्यांच्या हिशोबासाठी पायथॉनमध्ये किवी (अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायची लायब्ररी) वापरून अ‍ॅप बनवलं, लॅपटॉपवर वर कोपऱ्यातलं 'बंद करा' बटण बरं वाटायचं पण मोबाईलवर गिऱ्हाइकाच्या गर्दीत अंगठा तिथेच जायचा आणि अर्धवट बिल उडायचं.

बरेच जण नुसती बटणाची ओपॅसिटी (ते किती ठळक दिसतं ते) शून्य करतात. तसं करू नका, कारण बटण दिसत नाही पण टच केला की चालतंच, आणि जागाही अडवून बसतं. सरळ काढून टाका: किवीच्या युटिल्समधून प्लॅटफॉर्म (अ‍ॅप कुठल्या सिस्टिमवर चालतंय ते सांगणारी व्हॅल्यू) इम्पोर्ट करा, ऑन-स्टार्टमध्ये, म्हणजे अ‍ॅप सुरू होताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तो अँड्रॉइड आहे का बघा आणि असेल तर बटणाच्या पेरेंटवर (ज्या लेआउटमध्ये ते बसवलंय त्यावर) रिमूव्ह-विजेट चालवा. बटण पुन्हा दाखवायचं असेल तर आधी ते स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये नीट धरून ठेवा, आयडीज् मध्ये (विजेटना दिलेल्या नावांच्या यादीत) फक्त वीक रेफरन्स, म्हणजे वस्तू मेमरीत धरून न ठेवणारा दुवा असतो, त्यामुळे काढल्यावर ते मेमरीतूनच जाऊ शकतं.

आणि फोनचं बॅक बटण विसरू नका हां! विंडोच्या ऑन-कीबोर्डला (बटण दाबल्याची खबर देणाऱ्या इव्हेंटला) तुमचं फंक्शन बाइंड करा, त्यात बॅक बटणाचा की-कोड २७ आला की ट्रू रिटर्न करा, मग अ‍ॅप बंद होत नाही.