शीत संमीलनावर चर्चा कशी घडवून आणावी

अमळनेरच्या आमच्या वाचक मंडळात शीत संमीलनावरची, म्हणजे खोलीच्या तापमानालाच अणुकेंद्रके एकत्र जोडून उष्णता मिळवल्याच्या 1989 मधल्या दाव्यावरची, पहिली चर्चा मी घडवून आणली, ती पाऊण तासात विस्कटली. एका गृहस्थांनी उठून सांगितले की तेल कंपन्यांनी हा शोध दाबून टाकला. दुसऱ्यांनी तितक्याच ठामपणे तो निव्वळ भोंदूपणा ठरवला. त्यानंतर दोघांचेच आवाज चढत गेले आणि बाकीची तीस माणसे गप्प बसून राहिली. उष्णता किती निघाली, ती कशाने मोजली आणि मोजताना काय चुकू शकते, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही, आणि सूत्रसंचालक म्हणून मीही विचारले नाही. त्यानंतर धुळे, जळगाव आणि आसपासच्या गावांत हीच चर्चा अनेकदा घेतली. आपल्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात ती घ्यायची असेल, तर अनुभवाने जमत गेलेली रीत अशी आहे.

चर्चा सुरू होण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र वेळ द्यावा. दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त उष्णता खरोखर बाहेर आली का, हा पहिला. आली असेल तर ती अणुकेंद्रकांच्या संमीलनातूनच आली हे कशावरून, हा दुसरा. अशा संशोधनावर पैसा कोणाचा लागावा आणि उद्या त्यातून वीज मिळाली तर ती कोणाच्या हाती असावी, हा तिसरा. आपल्याकडे बहुतेक वक्ते तिसऱ्या प्रश्नाच्या रागातून पहिल्याचे उत्तर देतात, आणि चर्चा तिथेच भरकटते. सरकारवरचा किंवा कंपन्यांवरचा राग रास्त असू शकतो, पण त्याने तापमापीतला आकडा बदलत नाही.

न्यायशास्त्राने वाद, जल्प आणि वितंडा असा जो भेद केला आहे, तो या कामाला अतिशय उपयोगी पडतो. वादात सत्य शोधायचे असते, जल्पात केवळ जिंकायचे असते आणि वितंडेत स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची असते. ज्या गावात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे, त्या गावात तरी हा भेद सभेच्या सुरुवातीला पाच मिनिटे समजावून सांगायला संकोच वाटू नये. त्याच परंपरेतला एक नियमही पाळावा: प्रत्येक वक्त्याने आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, त्या समोरच्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे आणि मगच स्वतःचे बोलणे सुरू करावे. हा नियम एकदा लागू झाला की आवाज आपोआप खाली येतात, असे मी दर वेळी पाहिले आहे.

घटनाक्रम आधीच एका पानावर छापून वाटावा, म्हणजे तारखांवरून भांडणे होत नाहीत. 23 मार्च 1989 रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली आणि खोलीच्या तापमानाला, टेबलावर मावणाऱ्या काचपात्रात संमीलन घडवल्याचा दावा केला. पात्रात जड पाणी होते, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप, ड्यूटेरियम, असते असे पाणी; ऋणाग्र पॅलॅडियमचे आणि धनाग्र प्लॅटिनमचे होते. दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटले, आणि चेर्नोबिलला जेमतेम तीन वर्षे झाली होती. स्वच्छ ऊर्जेच्या बातमीसाठी जग किती आसुसलेले होते, हे त्यावरून कळते. मे महिन्याच्या सुरुवातीला बाल्टिमोर येथील भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेथन लुइस यांनी आपल्या गटाला असे काहीही आढळले नसल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने यासाठी खास निधी किंवा खास केंद्र नको असा अहवाल दिला. त्या पानावर आपल्या देशाचाही उल्लेख हवा. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार संचालक असताना अनेक गटांनी 1989 मध्येच हे प्रयोग केले आणि काही पात्रांत ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे ड्यूटेरियमहूनही जड किरणोत्सारी रूप, वाढल्याचे नोंदवले. हे काम पुढे काही वर्षांतच थांबले.

पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. हा सगळा तंटा मुळात उष्णतेच्या हिशोबाचा आहे, आणि तो हिशोब दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजतो. त्यासाठी एक प्रात्यक्षिक करावे. तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये अर्धा लिटर पाणी घ्यावे, एक तापमापी तळाशी आणि एक पृष्ठभागाजवळ अडकवावी, आणि छोट्या गरम करणाऱ्या कॉइलने फक्त वरचा थर तापवावा. पाणी ढवळले नाही तर दोन तापमापींत काही अंशांचा फरक दिसतो. चमच्याने दोनदा ढवळले की तो नाहीसा होतो. मग फळ्यावर आकडे मांडावेत. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापायला सुमारे 4,186 ज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या लिटरला 2,093. तापमापी चुकीच्या जागी असल्यामुळे दहा मिनिटांत एकच अंश जास्त दिसला, तर 2,093 भागिले 600 सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेतीन वॅट शक्ती कोठूनही न येता कागदावर निर्माण झाली. युटाच्या दाव्यातली जास्तीची उष्णता अनेक पात्रांत याच पट्टीतली किंवा याहूनही कमी होती. लुइस यांच्या आक्षेपांपैकी एक नेमका हाच होता की पात्रातले द्रव नीट ढवळले जात होते का.

दुसरा हिशोब वायूंचा आहे. पात्र उघडे असेल तर विद्युत अपघटनाने, म्हणजे वीजधारेने जड पाणी फुटून, तयार झालेले ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन बाहेर निघून जातात आणि आपल्याबरोबर ऊर्जा नेतात. जड पाण्यासाठी दर सेकंदाला जाणारी ही ऊर्जा विद्युतधारा गुणिले 1.54 व्होल्ट एवढी धरतात. समजा 5 व्होल्टवर अर्धा अँपिअर धारा दिली. एकूण शक्ती अडीच वॅट, त्यातून 0.77 वॅट वायूंबरोबर गेली असे गृहीत धरून वजा केली, आणि 1.73 वॅट उष्णता अपेक्षिली. परंतु हे वायू बाहेर न जाता पात्रातच पुन्हा एकत्र येऊन पाणी झाले, तर ते 0.77 वॅट आतच राहतात आणि प्रयोगकर्त्याला ते जास्तीचे वाटतात. म्हणून बंद पात्र वापरले होते का, निघालेला वायू मोजला होता का, आणि तोच प्रयोग साध्या पाण्यात करून पाहिला होता का, हे तीन प्रश्न प्रत्येक दाव्याला विचारावेत. फळ्यावरची ही वजाबाकी वक्त्यांपैकी कोणाकडून तरी करवून घ्यावी; सूत्रसंचालकाने स्वतः केली की ती पक्षपाती वाटते.

त्याच वेळी पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे दडपू नये. समर्थक म्हणतात की पॅलॅडियमच्या दर अणूमागे ड्यूटेरियमचे अणू सुमारे 0.9 पर्यंत शिरल्याशिवाय परिणाम दिसतच नाही, आणि अयशस्वी झालेल्या अनेक प्रयोगशाळांनी एवढे भरण साधलेच नव्हते. हा आक्षेप पोकळ नाही. गूगलने पैसा दिलेल्या संशोधक गटाने 2019 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले, तेव्हा त्यांनाही उच्च भरण स्थिर ठेवणे अतिशय कठीण गेले होते. मात्र शीत संमीलनाचा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. अमेरिकी ऊर्जा खात्याने 2004 मध्ये पुन्हा परीक्षण करवले तेव्हा जास्तीच्या उष्णतेबाबत परीक्षकांत जवळजवळ निम्मे-निम्मे मत पडले, पण ती केंद्रकीय आहे हे बहुतेकांना पटले नाही. ही दोन वाक्ये नेहमी एकत्र वाचावीत. अर्धे वाचून टाळी घेणारा वक्ता दोन्ही बाजूंना भेटतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना एकच हिशोब पुरेसा आहे. ड्यूटेरियमची दोन केंद्रके एकत्र आली तर साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन आणि हेलियम-3 मिळतात, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. या नेहमीच्या मार्गाने एक वॅट उष्णता निघाली, तर दर सेकंदाला सुमारे 85 हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत, आणि एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला साधारण तासाभरात प्राणघातक मात्रा मिळाली पाहिजे. प्रयोग करणारे सुखरूप होते. यावर समर्थकांचे उत्तर असे की धातूच्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित रचनेत, अभिक्रिया वेगळ्या वाटेने जाते आणि गॅमा किरण न देता थेट हेलियम-4 बनतो. तसे असेल तर हेलियम उष्णतेच्या प्रमाणात मोजून दाखवला पाहिजे, आणि साध्या हवेतच दहा लाख भागांत पाच भाग हेलियम असतो. पात्रात हवा झिरपली नाही, हे आधी सिद्ध करावे लागते.

मध्यंतर इथे घ्यावे, त्याआधी नको. चहानंतर माणसे तिसऱ्या प्रश्नावर येतात तेव्हा पहिल्या दोनांची उत्तरे फळ्यावर लिहिलेली असतात, आणि ती पुसू नयेत.

ऊर्जेच्या राजकारणावर बोलताना खान्देशाने संकोचण्याचे कारण नाही, कारण ते आपल्या दारात घडते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून येते, आणि राख मागे राहते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी धुळे जिल्ह्यातील विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यांचा मृत्यू झाला. म्हणून वक्त्यांत केवळ प्राध्यापक नसावेत. दीपनगरचे निवृत्त अभियंते, एखादा लाइनमन आणि कृषिपंप चालवणारा शेतकरी यांना व्यासपीठावरच बसवावे. पारोळ्याकडचे एक आप्पा आमच्या सभेत तासभर शांत ऐकत होते आणि मग म्हणाले, "आमले रातनी लाईट, मंग दिननी कोणले?" म्हणजे आम्हाला रात्रीची वीज, मग दिवसाची कोणाला? रात्रीच्या पाळीत अंधारात, विंचूकाट्याची भीती बाळगत पंप सुरू करायला जाणाऱ्या माणसाचा हा प्रश्न कोणत्याही नव्या ऊर्जास्रोताला तसाच लागू पडतो: स्रोत फुकट असला तरी वाटप कोण ठरवणार?

"शोध दाबला गेला" हे म्हणणे येईलच, आणि त्याला हसून उडवू नये, पुरावा मागावा. युटा राज्याने 50 लाख डॉलर मंजूर केले आणि त्यातून उभी राहिलेली संस्था 1991 मध्ये बंद पडली. जपान सरकारने 1990 च्या दशकात यासाठी कार्यक्रम चालवला, टोयोटाशी संबंधित प्रयोगशाळेने फ्रान्समध्ये पॉन्स आणि फ्लाइशमन यांना जागा दिली, आणि अमेरिकी ऊर्जा खात्याच्या एका विभागाने 2023 मध्ये आठ गटांना मिळून सुमारे एक कोटी डॉलर जाहीर केले. दाबण्याचा आरोप करणाऱ्याने हा पैसा कसा मिळाला ते सांगावे. उलट बाजूने, 1989 नंतर या विषयाचे नाव घेणाऱ्या तरुण संशोधकाची नोकरी आणि निधी धोक्यात येत असे, हेही खरे आहे, आणि ते विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःहून मान्य करावे. मला स्वतःला मर्यादित, उघड आणि मोजमापाच्या अटी आधी ठरवून दिलेला निधी रास्त वाटतो. पत्रकार परिषदेतून मागितलेला वाटत नाही.

हीच पट्टी उष्ण संमीलनालाही, म्हणजे कोट्यवधी अंश तापमानाला घडवायच्या संमीलनालाही, लावावी, नाहीतर चर्चा एकांगी होते. आपल्या तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला, जड पाण्याचा कारखानाही आहे आणि फ्रान्समधल्या इटर प्रकल्पाच्या अवाढव्य शीतपात्राचे भागही तिथेच घडले. तरीही त्या प्रकल्पातून कोणाच्या घरात वीज जाणार नाही, कारण तो प्रयोगच आहे. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये लेसरच्या 2.05 मेगाज्यूलवर संमीलनातून 3.15 मेगाज्यूल मिळाल्याची बातमी गाजली, पण त्या लेसरांनी विद्युतजालातून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले होते. ज्याने युटाच्या पात्राला वायूंचा हिशोब विचारला, त्याने हाही हिशोब विचारला पाहिजे.

शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये. प्रत्येकाला कागदाचा तुकडा द्यावा आणि त्यावर एकच गोष्ट लिहायला सांगावी: कोणते मोजमाप दिसले तर मी माझे मत बदलेन. नाव लिहिणे ऐच्छिक ठेवावे. या चिठ्ठ्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवाव्यात आणि पुढच्या वर्षी त्याच विषयावर बसताना आधी त्या वाचून दाखवाव्यात. आमच्या वहीत एका विद्यार्थिनीने लिहिले आहे, "बंद पात्र, साध्या पाण्याची जोड, आणि तीन वेगळ्या प्रयोगशाळांत तोच आकडा." तिच्या खालीच आप्पांची चिठ्ठी आहे, आणि तिच्यावर त्यांनी फक्त आपल्या फिडरचे दिवसाच्या पुरवठ्याचे तास लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे.