जुना कॉम्प्युटर आपोआप घरघरतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं वर्कशॉप असो नाहीतर गुजरीतलं दुकान, दहा-बारा वर्षं जुना एखादा पीसी तिथं असतोच. टॅली, बिलं, जीएसटी सगळं त्याच्यावर. मालक जेवायला उठतात, कुणी हात लावत नाही, तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि पंखा जोर धरतो. परत येऊन माउस हलवला की सगळं चिडीचूप. "कोणतरी आत बसून बघतंय की काय!" ही पहिली शंका आणि "फॉरमॅट मारा" हा पहिला सल्ला. दोन्हींची घाई नको.

माउस हलवताच थांबणारं काम बहुतेक वेळा विंडोजचंच असतं. विंडोज १० मध्ये देखभालीची ठरलेली वेळ रात्री २ ची. आपल्याकडे शटर ओढताना मेन स्विचही बंद होतो, मग व्हायरस स्कॅन, डिस्कची आवराआवर, अपडेट हे सगळं तुंबतं आणि दिवसा मशीन रिकामं दिसलं की सुरू होतं. दिवा लुकलुकताना बटण दाबून पीसी बंद करणं ही इथली मोठी चूक. काम अर्धवट राहतं, उद्या पुन्हा तेच, शिवाय चालू फाइल बिघडायची भीती. एक दिवस मशीन निवांत चालू राहू द्या, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

भागलं नाही तर बघायचं कसं? इथंच बहुतेकांची गल्लत होते. आवाज आला की धावत जाऊन टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी) उघडतात, आणि हात लागल्यामुळं काम थांबलेलं असतं. म्हणून आधीच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटर सुरू करा, डिस्कचा टॅब लावा आणि बाजूला बसा. पंधरा-वीस मिनिटं कशाला हात लावू नका, नुसतं बघा. कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचतोय ते तिथं पूर्ण पत्त्यासकट दिसतं. MsMpEng.exe (टास्क मॅनेजरमध्ये याचंच नाव अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल) तुमच्या टॅलीच्या फोल्डरमधल्या फाइली एकेक करून चाळताना दिसला, तर तो डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा स्कॅन. कुणी डेटा चोरत नाही.

दिसेल त्यावर एंड टास्क मारत सुटू नका. सर्व्हिस होस्ट नावाच्या डझनांनी ओळी असतात, आणि असायलाच हव्यात. शंका आली तर डिटेल्स टॅबमध्ये त्या नावावर (तिथं ते svchost.exe असं दिसतं) राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन बघा. विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरऐवजी टेम्प किंवा ॲपडेटा निघालं, तर मात्र सावध व्हा.

चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे, म्हणजे तुमच्या पीसीवर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे प्रोग्राम खरोखर असतात, आणि त्यातले काही टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात. फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर आणि ॲक्टिव्हेटर यांतून ते येतात, हे मी कळकळीनं सांगतो. अशा वेळी विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं मोफत ऑटोरन्स चालवा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि उरलेल्या तपासा. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी चालणारा. 'पीसी फास्ट करा' म्हणणारं क्लीनर टाकू नका, तेच पुढं पार्श्वभूमीत चालत बसतं.

एक लक्षण वेगळं. डिस्क सतत १०० टक्के, वाचन-लेखन नाममात्र आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत, तर डिस्कच संपत आलेली असू शकते. तेव्हा स्कॅनसुद्धा करू नका, आधी टॅलीचा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये खराब सेक्टर वाढताना दिसले की डिस्क बदला. जागा परवडेल तेवढी घ्या, पण एसएसडीच (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, विंडोज ७ चा तर २०२० मध्येच. त्यामुळं फॉरमॅटची वेळ आलीच, तर जुनंच विंडोज पुन्हा घालून घेऊ नका. आणि मशीन राजारामपुरीत दुकानावर द्यायच्या आधी बॅकअप दुसऱ्या पीसीवर उघडून, मागच्या महिन्याची बिलं दिसतायत का ते बघा.