उसाच्या चिपाडापासून इथेनॉल: १०० ग्रॅमचा प्रयोग

चिपाडापासून इथेनॉल काढताना सगळ्यांचे लक्ष यीस्टवर असते. प्रयोग फसतो तो मात्र बहुधा त्याच्या चार दिवस आधी. सुक्या चिपाडात साधारण ४० टक्के सेल्युलोज, २५ टक्के हेमिसेल्युलोज आणि २० टक्क्यांच्या आसपास लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा चिवट घटक) असते, आणि यातले काहीच यीस्टला थेट खाता येत नाही. सेल्युलोज मोकळे करून त्याची साखर करणे, तीही पुरेशी दाट, हेच खरे काम. पुढची मापे प्रयोगशाळेत १०० ग्रॅम सुक्या भुग्यासाठी आहेत. भाताच्या पेंढ्यालाही हाच क्रम चालतो. इंडियन ऑइलचा २०२२ साली सुरू झालेला पानिपतचा प्रकल्प पेंढ्यावरच उभा आहे. पण पेंढ्यात सिलिका फार, म्हणून नवख्याने चिपाडच घ्यावे.

रसवंतीवरचे चिपाड घेतले तर त्यात रस उरलेला असतो. कोमट पाण्यात दोन-तीनदा खळबळून पिळा. नाहीतर शेवटी मिळालेले इथेनॉल रसाचे की सेल्युलोजचे, हे कळणारच नाही. त्याच दिवशी उन्हात पसरा, ओला ढीग बुरशी धरतो. वाळल्यावर दळून १ ते २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मैद्यासारखे बारीक केले तर धुताना फडक्यातून निघून जाते.

आता लिग्निन काढायचे. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा करून विरघळवा. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, द्रावण उसळून अंगावर येते. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. भांडे स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. भुगा घालून १२१ अंश सेल्सिअसला, म्हणजे १५ पौंड दाबावर, ४५ मिनिटे शिजवा. दाब पूर्ण उतरल्यावरच झाकण काढा. सौम्य सल्फ्युरिक आम्लानेही काम होते, पण त्यात फरफ्युरल तयार होते आणि पुढे यीस्ट मंदावते.

काळे पाणी वेगळे काढून लगदा सामू ७ येईपर्यंत धुवा. इथे कंटाळा केलात तर उरलेला सोडा पुढचा बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) मोडतो आणि एन्झाइम निकामी होते. साधारण ६० ग्रॅम कोरडा भाग उरतो. तो वाळवू मात्र नका! वाळला की तंतूंची छिद्रे मिटतात आणि एन्झाइम आत शिरत नाही. पिळून ओलाच ठेवा, आणि चिमूटभर नमुना वाळवून त्यावरून ओलाव्याचा हिशेब काढा.

लगद्यात सायट्रेट बफर (०.०५ मोलर, सामू ४.८) मिसळून लगद्यातल्या पाण्यासह एकूण ६०० मिलिलिटर करायचे. निम्मा लगदा आधी, उरलेला १२ आणि २४ तासांनी. एकदम घातला तर मिश्रण ढवळत नाही. प्रत्येक हप्ता आधी २० मिनिटे दाबाखाली निर्जंतुक करून ५० अंशांपर्यंत थंड करा. सेल्युलेज एन्झाइम कोरड्या लगद्याच्या प्रत्येक ग्रॅमला १५ फिल्टर पेपर युनिट (एन्झाइमची ताकद मोजायचे एकक), म्हणजे एकूण ९००. ७२ तास, ५० अंश, सतत ढवळत. एन्झाइममध्ये बीटा-ग्लुकोसिडेज कमी असेल तर सेलोबायोज (दोन ग्लुकोजची न तुटलेली जोडी) साचते आणि क्रिया तिथेच अडते. जंतू नकोत म्हणून सोडियम अझाइड घालायची सवय असते. इथे ते घातले तर यीस्टही मरेल. सगळे जमले तर सुमारे ३० ग्रॅम ग्लुकोज मिळते.

मिश्रण ३२ अंशांवर आणा, सामू ५ करा, यीस्टला नत्र म्हणून ०.६ ग्रॅम डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घाला. ३ ग्रॅम सुके बेकरी यीस्ट कोमट पाण्यात १५ मिनिटे भिजवून मिसळा आणि एअरलॉक लावा. ४८ तास पुरतात. हेमिसेल्युलोजची झायलोज साखर साधे यीस्ट खात नाही, ती तशीच राहणार. बाटली रोज वजन करा: ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडाला की ४६ ग्रॅम इथेनॉल तयार झालेले असते. १३ ग्रॅम घट म्हणजे साडेतेरा ग्रॅम इथेनॉल, सुमारे १७ मिलिलिटर. व्हिनेगरचा वास आला तर हवा शिरली आहे. घट लवकर थांबली आणि वास नुसता आंबूस असेल तर लॅक्टिक जंतू.

द्रावणात इथेनॉल जेमतेम २.३ टक्के असते, म्हणून ऊर्ध्वपातनाला उष्णता भरपूर लागते. उघडी ज्योत नको, हीटिंग मॅन्टल वापरा. वाफ पेट घेते. कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले तरी ९५.६ टक्क्यांपुढे जात नाही. तिथून पाणी काढायला ३ अँगस्ट्रॉमची आण्विक चाळणी लागते. हे द्रव पिण्यासाठी नाही, आणि महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी हे सगळे सुरू करण्याआधीच घ्यायची असते.

बाजूला ठेवलेले काळे पाणी शेतात किंवा गटारात ओतू नका, त्यातला सोडियम जमीन बिघडवतो. सौम्य आम्लाने सामू २ ते ३ वर आणला की लिग्निन खाली बसते. ते गाळून वाळवा, जळण म्हणून चालते. वरचे पाणी सामू ७ करून प्रयोगशाळेच्या सांडपाणी टाकीत द्या.