सीपीयू तापतोय? नवा कूलर घ्यायच्या आधी फॅन काढून बघा की

पीसी चालता चालता फटदिशी बंद पडायलाय, फॅन नुसता बोंबलतोय, आणि दुकानात विचारलं तर सरळ सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, नवा कूलर (त्याला थंड ठेवणारा फॅन आणि धातूचा ठोकळा) घाला म्हणतात. थांबा जरा. आपल्या बेळगावात वडगाव, शहापूर, खासबागकडं कापड विणायच्या मागाच्या खोलीला लागून कॉम्प्युटर असेल तर बऱ्याचदा कूलर चांगलाच असतो, फक्त त्याला हवा मिळेना झालेली असते.

आधी आकडा बघा, हात लावून अंदाज नको. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय, ते टाका आणि सेन्सर्समध्ये सीपीयूचं टेंपरेचर बघा. नुसतं डेस्कटॉपवर असताना ३५ ते ५० डिग्री ठीक, एप्रिल-मेमध्ये थोडं जास्त दिसलं तरी घाबरायचं काम नाही. लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना, ७०-८० पण चालतंय. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते, तिथं गेला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे पीसी हळू झालाय असं वाटतं आणि आपण बसतो रॅम वाढवत. एएमडीचे रायझन ७००० वाले तर फुल लोडला ९५ पर्यंत जायलाच बनवलेत, त्यांचा आकडा बघून उगाच टेन्शन घेऊ नका.

आता खरी गोष्ट, आकडा कसा चढतोय ते बघा. जड काम सुरू केल्याबरोबर दोन-चार सेकंदात ४५ वरनं ९५ ला उडी मारत असेल तर बहुतेक कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही किंवा दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलीय. आणि दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत जाऊन मग तापत असेल तर हवेचा प्रश्न, म्हणजे कचरा.

कचरा वरनं दिसत नाही, तिथंच लोक फसतात. फॅनची पाती पुसली आणि झालं म्हणतात. मेन स्विच बंद करा, वायर काढा, फॅनचे स्क्रू किंवा क्लिप सोडवून फॅन हीटसिंकवरनं (त्याच्या खालचा पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा) बाजूला करा. खाली कापसाच्या तंतूंची धुळीत भिजलेली गोधडी बसलेली असते, अख्खी सोलून निघते. ब्लोअरनं तीच आणखी आत दाबली जाते, म्हणून आधी हातानं किंवा चिमट्यानं काढा, मग ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, भरभर फिरू दिला तर बेअरिंग जातं. उद्यमबागेत कारखान्यात लेथच्या शेजारी पीसी असेल तर जास्त सांभाळून, लोखंडाचा बारीक कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही, तिथं उलटं ओढून घेणारा व्हॅक्यूमच बरा, पण नळी बोर्डला टेकवायची नाही.

तरी आकडा उडी मारतच असेल तर कूलर काढा. इंटेलच्या जुन्या स्टॉक कूलरला, म्हणजे प्रोसेसरबरोबरच येणाऱ्याला, चार प्लास्टिकचे खिळे असतात, त्यातला एक जरी अर्धवट बसला असेल तरी तापमान चढतं, अन ते फार जणांच्या लक्षात येत नाही. परत बसवताना समोरासमोरचे कोपरे दाबा, टक आवाज यायला पाहिजे, आणि बोर्डच्या मागनं चारी बाहेर आलेत का बघा. एएमडीच्या खाली पिना असलेल्या प्रोसेसरवरचा कूलर सरळ ओढू नका, आधी पीसी थोडा चालवून गरम करा, बंद करून मग हळू पिळत काढा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधनं उपटून त्याच्याबरोबरच येतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सॅनिटायझर नको, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध, पसरवायला कूलरच पुरे. टूथपेस्ट लावणारे पण आहेत, वाळली की संपलं.

एवढं करूनही तापला तर फॅनची वायर बोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच आहे का बघा. आणि नव्या कूलरला लगेच पैसे नसतील तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बऱ्याच प्रोसेसरमध्ये टर्बो, म्हणजे आपोआप जादा स्पीड घेणं, बंद होतो, स्पीड थोडा जातो पण बिलाचं काम अडत नाही.