कड्यावरच्या बुरुजाची डागडुजी करायचीय? सिमेंट नको, चुना वापरा

नाशिकहून पेठ रोडने रामशेज किल्ल्यावर गेलात की कड्यावर दोन मिनिटं थांबा, १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ मूठभर मावळ्यांनी इथून मुघल फौज अडवून धरली, त्यांचं स्मारक म्हणजे हेच दगड, म्हणून अशा कुठल्याही बुरुजाला हात लावायच्या आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या आणि सगळ्या सांध्यांचे फोटो काढून ठेवा.

पाणी कुठून मुरतंय ते पावसाळ्यातच बघून घ्यायचं. पिंपळाचं रोप ओढून उपटू नका, मुळासोबत चिरा निघतो.

आता सांधे. सिमेंट अजिबात नको, ते कडक होतं, ओल आत कोंडते आणि मग दगडाचीच कड फुटायला लागते. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विझवताना अक्षरशः उकळतो, गॉगल आणि ग्लोव्ह्ज हवेतच, नंतर काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या, घाई केली की न विझलेले खडे पुढे फुगून सांधा फोडतात. साधारण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली रेती. जुने कारागीर त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गरही घालायचे. सांधा आधी ओला करा, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाशच घट्ट होतो, त्यामुळे नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात नको, दिवाळीनंतर काम काढा.

शेजारी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) असेल तर प्लीज ऑइल पेंट नको, वायर ब्रश नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस.